सत्कारमूर्ती आणि स्ट्रॉन्शियम

पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक पंचेचाळिशीनंतर संशोधनाकडे वळला की त्यामागे ज्ञानाची तहान असते, असा ज्यांचा समज आहे त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१० सालचे नियम एकदा डोळ्यांखालून घालावेत. त्या नियमांनी एपीआय नावाचा हिशेब आमच्या मागे लावला. पेपर छापला की इतके गुण, चर्चासत्राला हजेरी लावली की तितके, आणि ज्याची बेरीज भरत नसे त्याची पदोन्नती फायलीतच. तोवर तालुक्याच्या कॉलेजात माझं बरं चाललं होतं. सकाळी बी.एस्सी. भाग दोनला ऑप्टिक्स, दुपारी प्रॅक्टिकलला सोनोमीटरची तार, मधल्या वेळेत स्टाफरूममध्ये बसून सरकारवर टीका. प्राचार्यांनी एक दिवस केबिनमध्ये बोलावून घेतलं आणि म्हणाले, "अहो, पीएच.डी. करून टाका ना. आजकाल कुणीही करतं." या वाक्याचा उत्तरार्ध मी उत्तेजन म्हणून घेतला.

गाइड शोधायला विद्यापीठात गेलो, तर ज्यांच्याकडे जागा शिल्लक होती ते डॉक्टर माझेच विद्यार्थी निघाले. बारावीत असताना मी त्यांना प्रॅक्टिकलमधून बाहेर काढलं होतं. ते त्यांच्या लक्षात नसावं अशी आशा मनात धरून मी आत गेलो. ते उठून उभे राहिले. "या सर, बसा सर. सर, तुम्ही मला बारावीला बाहेर काढलं होतं." चहा आला. मी त्यांना गाइड म्हणून सर म्हणायला लागलो, ते मला मास्तर म्हणून सर म्हणतच होते, आणि तिथल्या पोरांना आमच्यातलं कोण कुणाचं गाइड हे बरेच दिवस उमगलं नाही. एकाने तर मलाच सही मागितली. मी दिली.

विषयाचा प्रश्न आला. आमच्या भागात ऑक्साइडच्या चुंबकत्वावर काम म्हणजे फेराइट. दक्षिण महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात त्यावर इतके प्रबंध झालेत की एखाद्या वधूवर सूचक यादीतसुद्धा 'निकेल-झिंक' हा शब्द सापडला तर मला नवल वाटणार नाही. विषय वाईट नाही, उलट फार मजेचा आहे. निकेल फेराइट चुंबकीय असतं. जस्ताला स्वतःचं चुंबकत्व नाही. आता निकेल काढून त्याच्या जागी थोडं थोडं जस्त घालत जा. साधी अक्कल सांगते की चुंबकत्व उतरणार. ते चढतं! बरंच जस्त घालेपर्यंत चढतच राहतं. कारण असं की त्या स्फटिकात धातूंना बसायला दोन प्रकारच्या जागा असतात आणि दोन्हीकडच्या अणूंचं चुंबकत्व एकमेकांच्या उलट दिशेला असतं. आपल्याला बाहेर दिसते ती वजाबाकी. जस्त नेमकं हलक्या बाजूला जाऊन बसतं, ती बाजू आणखी हलकी होते आणि शिल्लक वाढते. लुई नील यांनी १९४८ साली हा हिशेब मांडला आणि १९७० साली त्यांना नोबेल मिळालं. मात्र जस्त जास्त झालं की चुंबकत्व टिकण्याचं तापमान उतरत जातं, आणि शेवटी नुसतं झिंक फेराइट उरलं की घरातल्या तापमानाला चुंबक त्याला विचारत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. वर्गात शिकवत होतो. तरीही सगळे करतात ते मी करणार नव्हतो. मी सरांना सांगितलं, मला लँथनम कोबाल्टाइट करायचंय. ते क्षणभर गप्प राहिले. "सर, ते जरा नाजूक प्रकरण आहे."

"मी सांभाळीन," मी म्हणालो. संसार, सोसायटीचं सेक्रेटरीपद आणि परीक्षा विभाग सांभाळलेला माणूस एका ऑक्साइडला काय भिणार?

त्या हट्टामागे एक नाव होतं. डॉ. वि. ग. भिडे, जे पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्यांनी सी. एन. आर. राव यांच्या बरोबरीने १९७२ साली याच लँथनम कोबाल्टाइटवर 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये लिहिलं होतं. भिडे यांनी हात लावलेला स्फटिक पुढे न्यायला कुणीतरी मराठी माणूस हवा, असं मी स्टाफरूममध्ये बोलून दाखवलं. कुणी विरोध केला नाही, त्याचा अर्थ मी पाठिंबा असा घेतला. ते ऐकत नव्हते, ही शक्यता त्या वेळी विचारात घेतली नाही.

तर या स्फटिकाची तऱ्हा सांगतो, कारण पुढचं सगळं महाभारत त्या तऱ्हेवर उभं आहे. एक लँथनम, एक कोबाल्ट, तीन ऑक्सिजन. प्रत्येक कोबाल्टच्या सहा बाजूंना सहा ऑक्सिजन, आणि अशा अष्टफलकांमधल्या पोकळीत लँथनम. या ठेवणीला पेरोव्हस्काइट म्हणतात. १८३९ साली उरल पर्वतातल्या एका खनिजाला पेरोव्हस्की या रशियन उमरावाचं नाव दिलं गेलं आणि ते साऱ्या कुळाला चिकटलं. आता चुंबकत्वाचा सर्वसाधारण रिवाज असा की पदार्थ थंड केला की ते बळावतं, तापवला की मरतं. हा गडी उलट्या काळजाचा. अगदी गारठलेला असताना कोबाल्टचे सहाही बाहेरचे इलेक्ट्रॉन जोड्या करून बसतात, एकमेकांचं चुंबकत्व खोडून टाकतात. थोडी ऊब लागली की काही इलेक्ट्रॉन जोडी मोडून वरच्या कक्षांत चढतात, आणि पदार्थात चुंबकत्व उगवतं. उणे १७० अंश सेल्सियसच्या आसपास त्याची कमान दिसते.

त्या वरच्या कक्षा थेट ऑक्सिजनच्या अंगावर रोखलेल्या असतात. खरी मेख इथे आहे. एसटीच्या तीन जणांच्या बाकावर मधला माणूस पिशवी मांडीवर घेऊन अंग चोरून बसलेला असतो तोवर सगळ्यांचं ठीक चालतं. त्याने शेंगांची पुडी सोडली, कोपरं बाहेर काढली, की खिडकीवाला काचेला चिकटतो आणि कडेचा निम्मा वाटेत येतो. कोबाल्टचं हेच. अंग चोरलेला असताना त्याची त्रिज्या ०.५४५ अँगस्ट्रॉम, कोपरं काढल्यावर ०.६१. तापमान वाढेल तसे कोपरं काढणारे वाढत जातात आणि अख्खा स्फटिक फुगतो. म्हणजे चुंबकत्व आणि उष्णतेने होणारं प्रसरण ही इथे दोन वेगळी प्रकरणं नाहीतच. एकाच इलेक्ट्रॉनची उडी, ती चुंबकाच्या यंत्रावरही दिसते आणि लांबी मोजण्याच्या यंत्रावरही. ॲल्युमिनाची वस्तू एका अंशाला लांबीच्या दशलक्षांश ८ भाग वाढते, पोलाद १२, आणि स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं २३. आमचं कोबाल्टाइट, नावाला दगडासारखं टणक ऑक्साइड, पण २० च्या पुढे. मला ही गोष्ट कळली त्या रात्री झोप लागली नाही. हिला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "उद्या सांगा." उद्या तिने विचारलं नाही.

आता डोपिंग. लँथनमच्या काही जागांवर स्ट्रॉन्शियम बसवायचं. लँथनम तीन इलेक्ट्रॉन सोडतो, स्ट्रॉन्शियम दोनच. जमाखर्च जुळवायचा तर कुठल्यातरी कोबाल्टला पदरचा एक द्यावा लागतो. असे चार प्रभाराचे कोबाल्ट आणि त्यांचे तीन प्रभाराचे शेजारी यांच्यात इलेक्ट्रॉनांची ये-जा सुरू होते, आणि दोघांच्या चुंबकीय दिशा सारख्या असतील तरच ती सुरळीत चालते. फिलिप्सच्या आइंडहोव्हनमधल्या प्रयोगशाळेत योंकर आणि व्हान सांतेन यांनी १९५० साली मँगनीजच्या आणि १९५३ साली कोबाल्टच्या ऑक्साइडांत डोपिंगने चुंबकत्व आणून दाखवलं. दरम्यान १९५१ मध्ये झेनर यांनी मँगनीजच्या बाबतीत ही ये-जा कारण म्हणून पुढे केली. कोबाल्टाइटमध्ये शंभरातले साधारण अठरा लँथनम बदलले की पदार्थ चक्क लोहचुंबकाच्या जातीचा होतो. गारठ्यातली ती फुगण्याची ठळक उसळीही पुसट होते, कारण कोपरं काढायला आता ऊब लागत नाही. तीस बदलले तर चुंबकत्व उणे चाळीस अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. हा उणे चाळीसचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. मला तर तो तोंडपाठ होता, म्हणूनच पुढचा प्रकार घडला.

काम आमच्याच कॉलेजात करायचं ठरलं. कुठल्याशा जुन्या योजनेतून आलेली एक मफल फर्नेस होती, तिच्यात कबुतरांनी संसार मांडलेला होता. शिपाई सदामामांनी तो अदबीने हलवला. मामा माझ्या आधीपासून या प्रयोगशाळेत आहेत. त्यांना सूत्रं येत नाहीत, पण कुठलं ॲमीटर खोटं बोलतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.

कृती वाचायला सोपी आहे. धातूंची नायट्रेटं पाण्यात विरघळवायची, त्यात ग्लायसीन घालायचं आणि बीकर हॉट प्लेटवर ठेवून आटवायचं. कोबाल्टमुळे पाणी गुलाबी दिसतं, आटेल तसं जांभळट आणि चिकट होतं, मग एका क्षणी स्वतःच पेट घेतं आणि आत काळी, हलकी राख उरते. ती राख म्हणजे आपलं ऑक्साइड, निदान त्याचा कच्चा खर्डा. ग्लायसीन हे इंधन. पुस्तकात दिलेलं प्रमाण मला कंजूष वाटलं. आपल्याकडे कुणाच्या पानात मोजून वाढत नाहीत. मी सढळ हाताने घातलं.

त्याच सकाळी कॉलेजात तपासणी समिती आली होती. अध्यक्ष पांढऱ्याशुभ्र सफारीत. प्राचार्य त्यांना घेऊन दारात आले आणि म्हणाले, "आमचे हे सर सध्या प्रगत पदार्थांवर..." एवढ्यात बीकरमधलं ते जांभळट प्रकरण खदखदून वर आलं, एक लालसर ज्वाळा सरळ छताकडे गेली, आणि पाठोपाठ काळी पिसं सगळ्या खोलीत तरंगू लागली. वजनाला काहीच नसल्यामुळे ती खाली बसायलाही तयार नव्हती. ज्यांना बसायचं होतं त्यांनी सफारी निवडली. अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. बाही झटकत म्हणाले, "व्हेरी ॲक्टिव्ह डिपार्टमेंट." अहवालातही तसंच आलं. म्हणजे त्या स्फोटाने कॉलेजचं भलंच झालं, पण याचं श्रेय मला कुणी दिलेलं नाही. मामांनी फक्त एवढंच म्हटलं, "चुलीवर काही ठेवलं की झाकण हाताशी ठेवावं, सर." नंतर मी पुस्तकातलं प्रमाण वापरलं, ते मामांच्या समाधानासाठी.

राख जमली. ती खलली, साच्यात घालून दाबाखाली काड्यापेटीच्या कडेएवढी पट्टी पाडली आणि फर्नेसमध्ये भाजली. त्या काळी आमच्याकडचं लोडशेडिंग घड्याळ लावण्याइतकं नियमित होतं, त्यामुळे भाजणं हप्त्याहप्त्याने व्हायचं. सलग बारा तास अकराशे अंश, असं ग्रंथात लिहिणारे लोक कुठल्या फीडरवर राहतात कोण जाणे.

प्रसरण मोजायचं यंत्र विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून मी ते घडवलं. क्वार्ट्‌झची नळी, तिच्यात पट्टी उभी, पट्टीवर क्वार्ट्‌झची दांडी आणि दांडीच्या डोक्यावर लेथवाल्याकडून मागून आणलेलं डायल गेज. क्वार्ट्‌झ स्वतः जवळजवळ वाढत नाही, म्हणून जे काही वाढेल ते पट्टीच्या खात्यात. पंचवीस मिलिमीटरची पट्टी शंभर अंश तापवली तर ती वाढणार ०.०५ मिलिमीटर, म्हणजे गेजचा काटा पाच रेघा सरकणार. पाच रेघांसाठी एवढा खटाटोप! पण पट्टीची दोन्ही टोकं सपाट हवीत, नाहीतर दांडी तिरकी बसते. माझ्या पट्टीची टोकं वाकडी होती. मामांनी वर्कशॉपमधून कानस आणून दिली.

दुपारभर मी टोकं घासत बसलो. ऑक्साइड टणक, कानस पोलादाची. खर्र-खर्र आवाज, बोटांना काळा भुगा, आणि मधूनच घासलेल्या भागावर उन्हात एक चंदेरी झाक. मला ती पॉलिश वाटली. फार सुरेख काम झालंय असं मनाशी म्हटलं आणि सहज, अगदी सहज, टेबलावर पडलेला रेडिओच्या स्पीकरचा गोल चुंबक जवळ नेला.

तो चुंबकसुद्धा ऑक्साइडच आहे बरं का. बारा लोखंड, एकोणीस ऑक्सिजन आणि एक स्ट्रॉन्शियम. म्हणजे स्ट्रॉन्शियमचं स्ट्रॉन्शियमला आवतण होतं असं म्हणा. पट्टी हिच्या शिवणाच्या डब्यातल्या दोऱ्याने टांगली होती. चुंबक जवळ येताच ती लाजत लाजत वळली आणि टोक त्याच्याकडे करून थांबली. चुंबक मागे नेला, पट्टी परत. पुढे आणला, पट्टी हजर.

बाहेर तापमान अठ्ठावीस. उणे चाळीसला संपायला हवं ते चुंबकत्व अठ्ठावीसला जिवंत! वाचकहो, उणे चाळीस मला पाठ नसतं तर मी तो चुंबक खाली ठेवून घरी गेलो असतो. अर्धवट माहिती असलेला माणूस सुखी असतो, पूर्ण माहिती असलेला त्याहून सुखी. मी दोघांच्या मधल्या पट्ट्यात उभा होतो आणि माझे हात थरथरत होते. डोप केलेली ऑक्साइडं खोलीच्या तापमानाला चुंबकीय करण्यासाठी जगभर किती प्रयोगशाळा धडपडतायत, त्यातून विजेच्या आणि चुंबकाच्या एकत्र खेळाची यंत्रं होतील, हे सगळं मी वाचलेलं होतं. स्टॉकहोमला थंडी फार असते, हेही वाचलेलं होतं. स्वेटर आहे का असं हिला फोनवर विचारलं.

सरांना कळवायला हवं होतं. पण ते परगावी चर्चासत्राला, आणि घरी जेवायला मेहुणे आले होते. मेहुणे एका स्थानिक पत्राला बातम्या पाठवतात. मी त्यांना काहीच सांगितलं नाही, फक्त भाजी वाढून घेताना "तसं अजून नक्की नाही, पण" एवढ्यावर सुरुवात केली. सोमवारी छापून आलं: 'ग्रामीण प्राध्यापकाचा चुंबकीय चमत्कार'. सोबत माझा फोटो, मेहुण्यांच्या लग्नातला, फेट्यासकट.

गणपती जवळ आले होते. कॉलनीच्या मंडळाने आरतीनंतर सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि स्टीलचा डबा. प्रमुख पाहुणे सहकारातले जुने कार्यकर्ते. त्यांनी सुरुवातीलाच कानात विचारलं, "गुडघ्याला बांधायचा पट्टा तोच ना हा?" मी विद्युत-चुंबकीय भविष्याबद्दल काही बोलू लागलो, तोवर ते माइकवर गेले होते. सरांच्या शोधामुळे आता आपल्या तालुक्यातल्या ज्येष्ठांना मुंबई-पुण्याला जावं लागणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या सर्वांत जास्त पहिल्या रांगेतून आल्या, तिथे सगळे गुडघेवाले बसले होते. मी खुलासा करायला उठलो. पण सत्काराला उत्तर देताना खुलासे करणं असभ्य दिसतं. मी भिडे यांच्यापासून सुरुवात करून माझ्यापर्यंत आलो आणि बसलो.

त्या शनिवारी सर स्वतः कॉलेजात आले. हातात वर्तमानपत्राचं कात्रण. रागावलेले नव्हते, त्याचाच मला त्रास झाला. त्यांनी पट्टी दोऱ्यावर टांगून पाहिली. चुंबक या बाजूने नेला, त्या बाजूने नेला. मग विचारलं, "सर, ही घासली कशाने?"

"कानसीने. फार छान झालीय ना?"

"चांगलीच झालीय." त्यांनी खणातून न घासलेला एक तुकडा काढला, तोही टांगला. चुंबक नेला. तुकडा ढिम्म. मग पट्टीचं टोक सिलिकॉन कार्बाइडच्या पॉलिश पेपरवर घासलं, ती चंदेरी झाक निघून गेली, आणि पट्टी पुन्हा टांगली. तीही ढिम्म. खोलीत तेवढ्यात पंख्याने वारा आला आणि पट्टी थोडी हलली. मी आशेने पाहिलं. सरांनी पंखा बंद केला.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. २००४ साली 'नेचर'मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी लिहिलं की हाफ्नियम ऑक्साइडच्या पातळ थरात खोलीच्या तापमानाला चुंबकत्व आढळतं. त्यात चुंबकीय म्हणावा असा एकही अणू नाही, त्यामुळे मोठीच खळबळ झाली. पुढच्या वर्षी आयबीएमच्या काही जणांनी तसेच थर तपासले. नुसते थर चुंबकीय नव्हते. पण स्टीलच्या चिमट्याने धरले की तसाच संकेत उमटायचा. चिमट्याचा एक कण पुरतो. "तिथे चिमटा होता, सर. तुम्ही तर अख्खी कानस वापरलीत."

मी म्हणालो की याचा अर्थ माझी चूक डब्लिनच्या तोडीची आहे. सरांनी मान्य केलं, आणि लगेच जोडलं की भिडे आणि राव यांच्या प्रयोगांतही लोखंड होतं. त्यांनी कोबाल्टाइटमध्ये किरणोत्सारी कोबाल्ट-५७ किंचित घातलं होतं. त्याचं लोखंड-५७ होतं आणि त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांवरून आजूबाजूचे कोबाल्ट अंग चोरून बसलेत की कोपरं काढून, ते कळतं. "फरक एवढाच की त्यांना ते लोखंड कुठे आहे हे माहीत होतं."

मला वाटलं, चुंबकत्व गेलं तर गेलं, प्रसरण अजून हातात आहे. खरं तर त्या बाबतीत मी सरांपासून एक गोष्ट राखून ठेवली होती. दुसरी एक पट्टी आदल्या दिवशी यंत्रात घालून तापवायला सुरुवात केली, तर गेजचा काटा उलटा फिरला होता. पट्टी तापल्यावर वाढायच्या ऐवजी आखडत होती! असे पदार्थ असतात. १९९६ साली अमेरिकेत ओरेगनमध्ये टी. ए. मेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की झिर्कोनियम टंगस्टेट हा ऑक्साइड शून्याच्या अगदी जवळच्या ०.३ केल्विनपासून १०५० केल्विनपर्यंत तापेल तसा आकसतच जातो. आता दुसरा मी. पण सत्कार एकदा होऊन गेला होता, म्हणून या वेळी पूर्ण मोजमाप झाल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवून मी गप्प बसलो होतो. इतका संयम मला आयुष्यात दुसऱ्यांदा साधायचा नाही.

"सर, आणखी एक आहे," मी म्हणालो, आणि यंत्र चालू केलं. काटा मागे. आणखी मागे. सर पुढे वाकून बघू लागले. तापमान दोनशे, तीनशे, काटा एक फेरा मागे गेला. "एवढं?" सर म्हणाले. त्यांच्या आवाजात प्रथमच आदर होता, तो मी जपून ठेवला आहे. मग काटा एकदम खाली आदळला आणि आतून बारीकसा खस्स आवाज आला. नळी थंड करून उपडी केली. आतून काळा भुगा पडला. पट्टी नव्हतीच. पंचवीस मिलिमीटरवरून शून्य, एवढं ऋण प्रसरण अजून कुणी नोंदवलेलं नसावं.

सरांनी भुगा चिमटीत घेतला. "नायट्रेट करायला लँथनम ऑक्साइड तोललंत, तेव्हा काय केलंत?"

इथे मात्र माझी तयारी पक्की होती. लँथनम ऑक्साइडची पांढरी पूड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, म्हणून वजनात पाणीच जास्त भरतं, हे मी वाचलेलं होतं. त्यावर उपाय म्हणून अंदाजाने वरून थोडी जास्त घातली होती.

"सर, ती बाटली नवी होती. सीलबंद. मीच पाठवलेली." आणि नवी नसती तरी वरून घालायची नसते. आधी हजार अंशांच्या आसपास भाजायची आणि गार होताच पटकन तोलायची. माझ्या अंदाजाने जादा झालेलं लँथनम कोबाल्टचा जोडीदार न मिळाल्यामुळे पट्टीत तसंच मोकळं बसून राहिलं. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातली पापडाची चळतसुद्धा लवचीक होते. त्या मोकळ्या ऑक्साइडने पाणी पिऊन पिऊन हायड्रॉक्साइडचं रूप घेतलं, फुगलं, आणि पट्टी आतून फोडून काढली. यंत्रात घातली तेव्हा ती नुसत्या सवयीने उभी होती. तापवल्यावर पाणी गेलं आणि दांडीच्या भाराने बसली.

मी म्हणालो, हा दोष पावसाचा. सर म्हणाले, पाऊस दरवर्षी येतो. यावर मला उत्तर सुचलं नाही. ते पुढे दोन दिवसांनी सुचलं, पण तोवर ते गेले होते.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सरांनी फळ्याकडे जाऊन खडू घेतला. मास्तरांसमोर फळ्यावर लिहायचं म्हणून आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी सांगितलं ते असं. कोबाल्टाइटमधून वीज आणि ऑक्सिजन दोन्ही चांगले वाहतात, म्हणून इंधन-घटात ते हवंहवंसं असतं. पण तिथे ते इट्रियम घातलेल्या झिर्कोनियाजवळ बसवायचं असतं, आणि झिर्कोनिया फुगतो १०.५. आमचा फुगणार वीस-बावीस. तापवलं, थंड केलं की थर सुटून येतो. मग कोबाल्टच्या बऱ्याच जागांवर लोखंड बसवतात. लोखंडाचे पाच इलेक्ट्रॉन पहिल्यापासून सुटे असतात, अंग चोरून बसणं त्याला ठाऊकच नाही, त्यामुळे नव्याने कोपरं काढायचा प्रश्न येत नाही. शंभरात ऐंशी लोखंड घातलेलं असं ऑक्साइड जगभर वापरतात आणि त्याचं प्रसरण उतरून पंधराच्या आसपास येतं. चुंबकत्वाचं गणितही लोखंडाच्या प्रत्येक टक्क्याला बदलत जातं. "शून्यापासून ऐंशीपर्यंत एकेक सँपल करत जायचं, सर. दोन्ही मोजायचं. प्रबंध होतो."

"म्हणजे लोखंडच घालायचं?"

"हो. मोजून."

मी वहीत शीर्षक लिहून घेतलं. तेवढ्यात सदामामा चहा घेऊन आले. दारात उभं राहून त्यांनी बरंचसं ऐकलं असावं. कप टेबलावर ठेवत म्हणाले, "लोखंडच घालायचं म्हणताय तर ती कानस मी घासून-पुसून ठेवलीय. आणू का?"

"नको!" आम्ही दोन्ही सर एकदम ओरडलो.